कॅल्शियमच्या गोळीआधी कारण शोधा

‘हाडं ठिसूळ होणं हा बायकांचा आजार, बाबांना कॅल्शियम सुरू केलंय’ असं एकांनी लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही. पुरुषांत बऱ्याचदा यामागे दुसरंच काहीतरी दडलेलं असतं.

आमचे ऐरोलीचे काका, वय ६४. बादली उचलताना पाठीत कळ आली, उसण भरली म्हणून महिनाभर मलम चोळलं. एक्स-रेत मणका दबलेला निघाला! खोदून विचारल्यावर कळलं, दम्यासाठी वर्षानुवर्षं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू होतं, तेही जुनीच चिठ्ठी दाखवून. स्टेरॉइडच्या गोळ्या ३ महिन्यांच्या वर चालल्या तर हाडांकडे बघायलाच हवं.

हाडं ठिसूळ व्हायला इतरही कारणं असतात: दारू, टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) कमी असणं, प्रोस्टेट कॅन्सरवरची हार्मोनची इंजेक्शनं, थायरॉइडने जास्त काम करणं... मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेचा कॅन्सर तर सुरुवातीला नुसती पाठदुखी वाटू शकतो. म्हणून डेक्साबरोबर (हाडांची घनता मोजणारी तपासणी) रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, टेस्टोस्टेरॉन आणि प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (मायलोमा शोधायला रक्तातल्या प्रथिनांची तपासणी) यांबद्दल डॉक्टरांना विचारा.

आणि हो, बाबांची उंची मोजा, मणके दबले की ती घटते. काकांना सदरे लांब व्हायला लागले होते, आम्ही शिंप्याला बोल लावत बसलो.