५० गाईंच्या गोठ्यावर गोबरगॅसपासून वीज करावी का?

गोठेकरी :
संकरित गाईमागे रोज १५ किलो शेण हाती लागतं असं धरलं, तर ५० गाईंचं ७५० किलो. २५ किलो ताज्या शेणाला साधारण १ घनमीटर गॅस, म्हणजे ३० घनमीटर. लहान जनसेट (गॅसवर चालणारा जनरेटर) घनमीटरमागे सव्वा ते दीड युनिट देतो. दिवसाला ३८ ते ४५ युनिट झाले. ५०० लिटर दूध ४ अंशांवर आणायला बल्क कूलर ८ ते १० युनिट घेतो, ३ एचपीची कडबाकुट्टी दोन तासांत साडेचार-पाच. मिल्किंग मशीन, पाण्याची मोटर, गाईंना गारवा देणारा फॉगर धरूनही भागतं. ४० गाईंच्या वर गोठा असेल तर वीज करावीच, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाणंद :
साफ असहमत. घनमीटरभर गॅसमध्ये सुमारे ६ युनिटांइतकी ऊर्जा असते. त्यातले दीड युनिट तुम्ही वापरता, बाकीचे रेडिएटर आणि सायलेन्सरमधून जातात. तोच ३० घनमीटर गॅस शेगडीवर साडेतेरा किलो एलपीजीचं काम करतो, म्हणजे रोज जवळपास एक घरगुती सिलिंडर! कॅन आणि मशीन धुवायला २०० लिटर पाणी ७५ अंशांपर्यंत तापवायचं तर साडेतीन घनमीटर पुरतो. वीज हवी तर शेडच्या पत्र्यावर सोलर टाका. गुजरातच्या बनासकांठ्यात दामा इथला बनास डेअरीचा प्रकल्प रोज ४० टन शेणाचा आहे. तिथेही गॅस शुद्ध करून गाड्यांना विकतात, वीज करत नाहीत.

गोठेकरी :
दामाचा गॅस विकायला पंप आहे. ५० गाईंवाल्याने रोजचा सिलिंडरभर गॅस कुणाला द्यायचा? साठवणीच्या फुग्यातला गॅस कमी दाबाचा असतो, शेजारच्या दोन-तीन घरांपलीकडे जात नाही. उलट वाराणसीजवळ रामनगरच्या दूधप्रकल्पासाठी २०२१ मध्ये पायाभरणी झाली ती शेणापासून वीज करण्याचीच, कारण तिथे विजेला कायमचं गिऱ्हाईक आहे. आणि सोलरचं म्हणाल, तर धारा निघतात पहाटे आणि संध्याकाळी, कूलरचा भारही तेव्हाच. लाइन गेली की नेट मीटरिंगचा, म्हणजे लाइनला जोडलेला, इन्व्हर्टरही बंद पडतो. गॅस मात्र रात्रभर फुग्यात थांबतो. रेडिएटरच्या उष्णतेवर धुण्याचं पाणी निदान कोमट करून घेता येतं, तेवढाच गॅस वाचला.

फिटरभाऊ :
दोघांच्याही हिशेबात हायड्रोजन सल्फाइड नाही. शेणाच्या गॅसमध्ये तो १००० ते ३००० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) सहज असतो, इंजिनला २०० च्या आत लागतो. नाहीतर ऑइल लवकर काळं पडतं, पितळी बुश आणि बेअरिंग खाल्ले जातात. हा वायू शोषून घेणारे, लोहऑक्साइडच्या गोळ्यांचे दोन स्क्रबर बसवा, एक चालू, एक राखीव. आतला माल तांबूस असतो, काळा पडला की संपला. हवेत पसरला की पुन्हा तांबूस होतो, पण तेव्हा तो तापतो, पेटूही शकतो. कडब्याच्या गंजीजवळ कधीही टाकू नका. पाइपला उतार द्या आणि सर्वांत खालच्या जागी पाणी काढायचा कॉक ठेवा, नाहीतर पाइपात पाणी साचून इंजिन धक्के देत चालतं.

जनसेट मोठा घेऊ नका. ४० टक्क्यांच्या खालच्या लोडवर तेवढ्याच गॅसमध्ये युनिट फार कमी पडतात. इथे साडेसात केव्हीए पुरे; कुट्टी आणि कूलर एकदम सुरू करायचे नाहीत.

काळीमाती :
१५ किलोचा आकडा बांधीव गोठ्याचा आहे. मुक्तसंचार गोठ्यात शेण मातीत तुडवलं जातं, निम्मं तरी हाती येतं का बघा. आलं तरी त्यात वाळू असते. ती डायजेस्टरच्या, म्हणजे शेण कुजवायच्या टाकीच्या, तळाशी बसते, जागा खाते आणि शेवटी टाकी रिकामी करावी लागते. गोठा पाइपने धुऊन ते पाणी आत सोडणं ही दुसरी चूक. शेणाला पाणी समान, एकास एक. शेण-पाण्याचा रोजचा १५०० लिटर काला आणि टाकीत त्याचा ४० दिवसांचा मुक्काम धरला की ६० घनमीटरची टाकी लागते. पाणी दुप्पट केलं तर मुक्काम २७ दिवसांवर येतो आणि गॅस न देताच शेण बाहेर पडतं. फिनेल, डिटर्जंट आणि अँटिबायोटिक दिलेल्या गाईंचं शेण टाकीबाहेरच ठेवा.

माझ्या मते खरी कमाई स्लरीची, म्हणजे गॅस निघाल्यावर उरणाऱ्या काल्याची. रोज जवळपास दीड हजार लिटर बाहेर येते. ती नेपियर गवताला पाटाने देणार की प्रेसने घन भाग वेगळा काढणार, आणि पावसाळ्यात साठवणार कुठे, हे आधी ठरवा.

पाणंद :
हे पटलं. म्हणूनच म्हणतो, जनसेट लगेच घेऊ नका. आधी टाकी बांधा, गॅस मीटर लावा आणि जानेवारीभर रोजचा आकडा लिहा. नगर-नाशिककडच्या थंडीत काला गारठतो आणि ३० चे २० घनमीटर होतात.

गोठेकरी :
मीटरचं मान्य. पण २० घनमीटर धरला तरी २५ युनिट होतात. त्यात दोन्ही वेळचं दूध थंड होऊन मशीन, मोटर आणि कुट्टी चालते. फॉगर तर थंडीत बंदच असतो.