सेनापतीची बुद्धी समजून घ्यायला कुठल्या मोहिमा वाचाव्यात?

शिवारवाट:
बहिणीचा मुलगा यंदा बारावीत आहे, एनडीएच्या परीक्षेला बसतोय. परवा म्हणाला, "मावशी, सेनापतीला छाती लागते, डोकं चालवायला हाताखाली माणसं असतात." मला पटलं नाही, पण उत्तर सुचेना. दिवाळीच्या सुट्टीत त्याला घेऊन एक-दोन मोहिमा नीट वाचायच्या आहेत. शिवरायांच्या त्याला पाठ आहेत. दुसऱ्या सुचवाल?

डोंगरकडा:
लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरातांपासून सुरुवात करा. आपल्या कोल्हापूरकडचे. १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगॉला बटालियन घेऊन लढले, डीएसओ हे ब्रिटिशांचं शौर्यपदक मिळवलं, म्हणजे छातीचा प्रश्न मिटला. पुढे लष्कराच्या पूर्व विभागाचे प्रमुख असताना, १९५९ मध्ये, त्यांनी नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या, संरक्षणाचा आराखडा केला. चीनचे रस्ते सीमेजवळ येत होते. आपला शिधा-दारूगोळा मात्र खेचरांवर, हमालांच्या पाठीवर, नाहीतर विमानातून टाकून पोचायचा. म्हणून सीमेवर फक्त चौक्या ठेवायच्या आणि खरी लढाई मागे द्यायची, जिथं आपली रसद पोचते आणि शत्रूची ताणली जाते. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किला' सरावात त्यांनी हे मांडून दाखवलं. वरच्यांनी मनावर घेतलं नाही. २० ऑक्टोबर १९६२ ला हल्ला झाला तेव्हा नामका चू या सीमेवरच्या नदीच्या काठावर आपली ब्रिगेड अपुऱ्या गरम कपड्यांत, अपुऱ्या दारूगोळ्यावर उभी होती. आजही हे वाचताना गलबलून येतं.

पानगळ:
परीक्षेतली हुशारी वेगळी, हे दाखवायचं तर अमेरिकन यादवीतले उत्तरेचे दोन सेनापती, मॅक्लेलन आणि ग्रँट, घ्या. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत मॅक्लेलन आपल्या तुकडीत दुसरा, ग्रँट ३९ जणांत २१वा. सप्टेंबर १८६२ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली याचा गुप्त हुकूम मॅक्लेलनच्या हाती पडला, सिगारभोवती गुंडाळलेला! लीचं सैन्य कुठं कुठं विखुरलंय ते सगळं त्यात होतं. तरी तो सावकाशच हलला, कारण समोर आपल्याहून मोठी फौज आहे हे त्याच्या डोक्यातून जाईना. ग्रँटचे हुकूम वाचायला द्या मुलाला. त्याला काय हवंय ते पहिल्या वाचनात कळतं.

शिवारवाट:
दोघांचेही मनापासून आभार. पण थोरातांचं कुणी ऐकलंच नाही, मग त्या बुद्धीचा उपयोग काय, असं तो विचारणारच.

डोंगरकडा:
विचारू दे, बरोबरच आहे त्याचं. मग १९७१ च्या युद्धातले लष्करप्रमुख माणेकशा काढा. १९७१ च्या एप्रिलमध्येच पूर्व बंगालात शिरायची घाई चालली होती, आपण ती थोपवली, असं ते स्वतः सांगत. पावसाळ्यात तिथल्या नद्या समुद्रासारख्या पसरतात. हिवाळ्यात जमीन वाळते आणि हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद होतात, म्हणजे चीनची भीती कमी. लढाई झाली डिसेंबरात, १३ दिवसांत संपली. मुलाला आधी यातलं काही सांगू नका. नुसता नकाशा पुढ्यात ठेवा, महिना एप्रिल आहे म्हणा आणि विचारा, निघायचं का? वाटेतल्या नद्या त्यालाच मोजू द्या.