मज्जातंतूच्या इजेची टक्केवारी वाढली, तर वाढीव रक्कम कोणत्या तारखेपासून मिळते?

प्रश्न : केळीबाग, यावल

माझे थोरले बंधू अमेरिकेच्या सैन्यात होते. सेवेत असताना कमरेला झालेल्या दुखापतीमुळे त्यांच्या डाव्या पायाच्या सायटिक मज्जातंतूला इजा झाली आणि त्यासाठी त्यांना १० टक्के अपंगत्व मंजूर झाले. आई-वडील थकल्यामुळे ते आता गावी परतले असून केळीची बाग पाहतात.

ऑगस्ट २०२२ मध्ये जळगावच्या मेंदू व मज्जाविकारतज्ज्ञांनी त्यांची तपासणी केली. पायाची बधिरता वाढल्याची नोंद त्यांनी केली, पण पायातील ताकद पूर्ववत असल्याचेही लिहिले. १४ मार्च २०२३ च्या अहवालात मात्र पाऊल वर उचलण्याची ताकद स्पष्टपणे कमी झाल्याचे नमूद आहे. दादांनी १० जानेवारी २०२४ रोजी ‘इंटेंट टू फाइल’ (अर्ज करणार असल्याची पूर्वसूचना) ऑनलाइन नोंदवले, पूर्ण अर्ज २० नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आणि वैद्यकीय तपासणी नुकतीच झाली. निर्णय अजून यायचा आहे.

टक्केवारी वाढल्यास ती यांपैकी कोणत्या तारखेपासून धरली जाईल? आमच्या गावातील एका निवृत्त जवानांना मागील तीन वर्षांची थकबाकी मिळाली होती, त्यामुळे दादांनाही तेवढी मिळेल असे घरातील सर्वजण धरून चालले आहेत.

उत्तर : जुना दावेलेखक, अमळनेर

ताई, काही वर्षे मी अमेरिकेत माजी सैनिकांना असे दावे तयार करण्यात मदत करत होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तेथील कायद्याच्या ३८ व्या शीर्षकातील कलम ५११० नुसार कोणताही लाभ सर्वसाधारणपणे अर्ज पोहोचल्याच्या तारखेपूर्वीचा मिळत नाही. आधीच मान्य असलेल्या अपंगत्वात वाढ झाली असेल, तर या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे : वाढ झाल्याचे पुराव्यांवरून ज्या दिवशी प्रथम निश्चित करता येते, त्या दिवसापासून एका वर्षाच्या आत अर्ज आला असेल, तर तो दिवसच अंमलाची तारीख ठरतो. मात्र वाढ अर्जाच्या एक वर्षाहूनही आधी झालेली असेल, तर मागे जाता येत नाही आणि अर्जाचीच तारीख लागू होते. ‘गॅस्टन विरुद्ध शिन्सेकी’ या २०१० च्या निकालात फेडरल सर्किट न्यायालयाने हाच अर्थ मान्य केला आहे.

दादांचा पूर्ण अर्ज इंटेंट टू फाइलनंतर वर्षाच्या आत गेला असल्यामुळे त्यांच्या अर्जाची तारीख १० जानेवारी २०२४ हीच धरली पाहिजे. म्हणजे मागे पाहण्याची मुदत १० जानेवारी २०२३ पर्यंत जाते आणि मार्च २०२३ चा अहवाल तिच्या आत बसतो, ऑगस्ट २०२२ चा मात्र बाहेर राहतो.

येथे टक्केवारीची पायरी नीट पाहावी लागते. सायटिक मज्जातंतूच्या अपूर्ण पक्षाघातासाठी सौम्य अवस्थेत १०, मध्यम अवस्थेत २०, मध्यमाहून तीव्र अवस्थेत ४० आणि स्नायू ठळकपणे रोडावलेल्या तीव्र अवस्थेत ६० टक्के दिले जातात. पूर्ण पक्षाघातासाठी ८० टक्के आहेत. केवळ संवेदना बिघडली असेल, तर मूल्यांकन फार तर मध्यमापर्यंत जाते. म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये बधिरता वाढली तरी ती फार तर २० टक्क्यांची पायरी होती आणि ताकद घटल्यामुळे ४० टक्के योग्य ठरणार असतील, तर ती वाढ मार्च २०२३ मध्ये प्रथम दिसली, असे मांडता येते. ही मांडणी मान्य झाली, तर अंमलाची तारीख १४ मार्च २०२३ येईल आणि वाढीव रक्कम पुढील महिन्याच्या पहिल्या तारखेपासून, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून मिळेल.

उत्तर : निवृत्त सुभेदार, धुळे

तीन वर्षांच्या थकबाकीची गोष्ट आपल्याकडची आहे. ‘भारत सरकार विरुद्ध तरसेम सिंग’ या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, अपंगत्व निवृत्तिवेतन न मिळणे ही महिन्यागणिक सुरू राहणारी हानी असल्यामुळे उशिरा मागणी केली तरी ती ऐकता येते, परंतु थकबाकी साधारणपणे याचिकेच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. त्या जवानांचे प्रकरण बहुधा याच मार्गाने गेले असावे. तसेच ५० टक्क्यांहून कमी अपंगत्व ५० टक्के धरण्याची आपली पद्धतही अमेरिकेत नाही. घरच्यांना हे आताच सांगावे. खोट्या आशेवर बागेचा किंवा घराचा खर्च ठरवला गेला, तर नंतर फार त्रास होतो.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. अर्जासोबत आम्ही केवळ नोव्हेंबर २०२४ चा अहवाल जोडला होता. आता मार्च २०२३ चा पाठवता येईल का? आणि ऑगस्ट २०२२ चा अहवाल अडचणीचा ठरत असेल, तर तो पाठवूच नये का?

उत्तर : जुना दावेलेखक, अमळनेर

निर्णय झालेला नाही तोवर दोन्ही अहवाल अवश्य पाठवा आणि ते लवकर पाठवा. आज फाइलमध्ये नोव्हेंबर २०२४ पूर्वीचा एकही वैद्यकीय कागद नसेल, तर निर्णय देणाऱ्याला मार्च २०२३ ही तारीख सापडणार तरी कोठून? खासगी डॉक्टरांचा, तोही भारतातील, अहवाल पुरावा म्हणून चालतो आणि आपल्याकडील तज्ज्ञ इंग्रजीतच लिहीत असल्यामुळे भाषांतराचाही प्रश्न येत नाही.

ऑगस्टचा अहवाल लपवू नका. उपचारांची खरी हकिगत अर्धवट सांगणे योग्य नाही, हे तर आहेच; शिवाय त्या दिवशी पायाची ताकद पूर्ववत होती, हे सांगणारा तुमच्याकडचा तो एकमेव कागद आहे. वाढ ऑगस्टनंतर झाली हे त्यावरूनच सिद्ध होते. तो नसेल, तर पाऊल नेमके केव्हापासून उचलेनासे झाले, या शंकेला जागा राहते.

त्याच्या जोडीला वहिनींचे निवेदन २१-१०२१० या फॉर्मवर द्यावे. ‘पुष्कळ त्रास होतो’ असे मोघम लिहू नये. दादा पाऊल ओढत चालू लागले ते कोणत्या महिन्यात, बागेत पाणी देताना बांधावर पाय अडखळून ते पडू लागले ते केव्हा, चप्पल पायातून निसटू लागली ती केव्हा, हे आठवेल तेवढेच आणि जसे घडले तसे लिहावे. निदान करण्याचा अधिकार घरच्यांना नसला, तरी डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टी सांगण्याचा अधिकार त्यांना आहे आणि त्या विचारात घेतल्या जातात.

निर्णय आल्यावर टक्केवारीइतकीच तारीखही तपासा. ती मान्य नसेल, तर निर्णयपत्राच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत पाऊल उचलणे अत्यावश्यक आहे. फाइलमधील पुरावा वाचण्यात चूक झाली असे वाटल्यास वरिष्ठ पुनरावलोकन मागता येते, त्यात नवा पुरावा देता येत नाही. नवा कागद द्यायचा असल्यास पूरक दावा करावा. तिसरा मार्ग अपील मंडळाचा आहे. वर्ष उलटून निर्णय अंतिम झाला, तर केवळ तारीख बदलण्यासाठी स्वतंत्र दावा करता येत नाही, हे ‘रड विरुद्ध निकोल्सन’ या २००६ च्या निकालापासून पक्के आहे. मग मूळ निर्णयात स्पष्ट आणि निर्विवाद चूक होती हे दाखवावे लागते आणि ते फार कठीण असते.

मान्यताप्राप्त माजी सैनिक संघटनांचे प्रतिनिधी हे काम विनामूल्य करतात. पहिल्या निर्णयाआधी दावा तयार करून देण्यासाठी कोणी शुल्क मागितले, तर ते देऊ नका.