मदत हवी आहे: पितळी रेझोनेटर गिटारची झणझण, कोन बदलावा की बसवून घ्यावा?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे पितळी अंगाची, निकेलचा मुलामा दिलेली, आत आवाज वाढवणारा पत्र्याचा शंकू, म्हणजे 'कोन', एकच असलेली रेझोनेटर गिटार आहे. ती मी दीड वर्षापूर्वी वापरलेली घेतली. तारा १६ ते ५६ (हजारांश इंच) जाडीच्या आहेत आणि ओपन जी मध्ये, म्हणजे मोकळ्या छेडल्या की जी मेजरचा मेळ वाजेल अशा, लावलेल्या आहेत. तिसरी तार मोकळी छेडली की नादाच्या पाठोपाठ बारीक झणझण येते. जवारी बिघडलेल्या सतारीसारखी ती ऐकू येते, म्हणून आधी घोडीची खाच तपासली. मात्र तोच स्वर चौथ्या तारेवर पाचव्या पडद्यावर घेतला तरी झणझण येतेच, म्हणजे दोष त्या एका तारेच्या खाचेत नसावा. झाकणाचे स्क्रू आवळले, तारा अडकवण्याच्या पट्टीखाली फेल्टचा तुकडा सरकवला, पण फरक पडला नाही.

एका दुरुस्ती करणाऱ्यांनी सांगितले की आवाज धातूच्या अंगाचा असतो, तेव्हा पोलादी अंगाची गिटार घ्यावी. हे मला पटत नाही. लाकडी गिटारची वरची फळी थरथरून आवाज करते. इथे तारांचा दाब घोडीखालच्या लाकडी चकतीवर, म्हणजे 'बिस्किटा'वर येतो आणि ती साडेनऊ इंच व्यासाच्या, पातळ ॲल्युमिनियमच्या कोनाला हलवते. तो कोन कडेवर नुसता टेकलेला असतो, चिकटवलेला नसतो. तारांच्या दाबानेच जागेवर राहतो. सुरुवातीचा खणखणीत ठोका आणि नाद लवकर विरणे, ही या रचनेची ओळख आहे. लॉस एंजेलिसच्या नॅशनल कंपनीने १९२७ मध्ये आणलेल्या गिटारमध्ये सहा इंची तीन कोन आणि टी आकाराची घोडी होती, आणि त्यांचा नाद अधिक लांब व मऊ लागतो. दोब्रो या दुसऱ्या प्रकारच्या रेझोनेटर गिटारमध्ये कोन उलटा, वाटीसारखा बसतो व वर घोडी पेलणारा आठ पायांचा धातूचा सांगाडा, म्हणजे 'कोळी', असतो, म्हणून त्यांचा स्वभाव पुन्हा निराळा. पितळेला गोलाई आणि पोलादाला धार असते असे वादक सांगतात, तेही मला मान्य आहे. पण ती छटा झाली, मूळ आवाज नव्हे. (नॅशनलच्या त्या पहिल्या गिटारींचे अंग 'जर्मन सिल्व्हर'चे होते; त्यात तांबे, निकेल आणि जस्त असते, आपल्याकडच्या 'जर्मन'च्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, भांड्यांशी त्याचा संबंध नाही.)

काल तारा सैल करून झाकण उघडले आणि कोन काचेच्या तावदानावर पालथा ठेवून पाहिला. एका बाजूला कड साधारण पोस्टकार्ड सरकेल इतकी उचललेली दिसते, आणि गिटारमध्ये कोन बसतो त्या कडेवर त्याच जागी जुन्या सोल्डरचा एक कण आहे.

ज्यांनी असे काम स्वतः केले आहे त्यांना विचारतो: तो कण घासून काढल्यावर कोनाची कड हाताने सपाट करता येते का, की पातळ पत्रा त्यात सुरकुततो? नवीन कोन घ्यावाच लागला, तर जुने बिस्किट त्यावर बसवून घोडीची उंची तशीच राखता येईल का? आणि नव्या कोनाचा आवाज सुरुवातीला कडक लागतो व वाजवून खुलतो, हा आपला अनुभव आहे का?

कोन अजून बाहेरच आहे, त्यामुळे कुणाला एखादे माप हवे असल्यास ते आजच घेऊन कळवतो.