मदत हवी आहे: काकांचं हॉयर करेरा, डायल रंगवू की राहू दे?

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात काकूने काकांचं घड्याळ माझ्या हातात ठेवलं. काका मर्चंट नेव्हीत होते, १९६६ साली एडनला घेतलेलं. १९५० ते ५४ मध्ये मेक्सिकोत झालेल्या करेरा पानामेरिकाना या जीवघेण्या शर्यतीवरून नाव पडलेलं हे स्टॉपवॉचवालं घड्याळ. काकांनी त्यावर जन्मभर अंडी उकडली. (स्वतः चालवली ती फक्त लॅम्ब्रेटा.)

पट्टा काढल्यावर कानांच्या मध्ये, बाराच्या बाजूला २४४७ हा मॉडेलचा आकडा दिसला. चावीचं, ३६ मिमी, चंदेरी डायल, तीन छोट्या तबकड्या. आत वाल्झू ७२ मशीन आहे, हे घड्याळजींनी झाकण उघडून दाखवलं.

अडचण अशी, की मधला लांब काटा चालतो, थांबतो, पण खालचं बटण दाबून शून्यावर आणला की बाराच्या पुढे दोन सेकंदांवर उभा राहतो. दर वेळी तिथेच. शिवाय चारच्या आकड्यापाशी डायलवर तपकिरी ठिपके आलेत, आणि रेडियम चमकत नाही. घड्याळजी म्हणतात, "डायल रंगवतो, केसला बफ मारतो, काच बदलतो, नवंकोरं करून देतो." हात चांगला आहे त्यांचा, पण माझ्या पोटात गोळा आला.

विकायचं नाही, वापरायचंय. काय करू?

प्रतिसाद:

डायल रंगवू नका! परदेशातले संग्राहक अशा रंगवलेल्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणून नाक मुरडतात. बफने कानांच्या धारा जातात, त्या परत येत नाहीत.

काटा रोज एकाच जागी थांबतोय, म्हणजे बहुतेक तोच दांड्यावर सरकलाय. काढून नीट बसवायचा. पण आधी ऑइलिंग; तेल वाळलेल्या मशीनवर क्रोनो (स्टॉपवॉच) चालवू नका, ७२ चे सुटे भाग फार महाग पडतात.

चमक गेली त्याचं वाईट वाटून घेऊ नका. त्या काळचं ते रेडियम नव्हे, ट्रिटियम हे किरणोत्सारी द्रव्य असणार, १२ वर्षांत निम्मं होतं. आज लखलखलं असतं तर उलट शंका आली असती.

काच बदलायचीच तर समोर बसा. सेकंदाच्या पाचव्या भागाच्या खुणा काचेच्या आतल्या धातूच्या कड्यावर असतात. डायल मोकळी दिसावी म्हणून हॉयर कंपनीच्या जॅक हॉयरने काढलेली युक्ती. ते कडं जुन्या काचेबरोबर कचऱ्यात जाता कामा नये.

धागाकर्ता:

आभार! फक्त ऑइलिंग आणि काटा, असं सांगून आलो. ठिपके कधीचे, हे काकूला विचारलं. म्हणाली, "पातेल्यावर वाकून बघायचे ना, त्या वाफेचे."