मदत हवी: फिरत्या दांड्यावरून उडी मारूनही मागे फेकला जातो

वेगवान: माहीत असेल त्याने पटकन सांगा. अडथळ्यांच्या शर्यतीच्या ऑनलाइन गेममध्ये दांडा फिरत येतो, मी वेळेवर उडी मारतो, पलीकडे उतरतोसुद्धा, आणि क्षणात कॅरेक्टर मागे जाऊन खाली! पहिल्याच फेरीत बाहेर. फोन नवा आहे. वैताग आलाय.

रानवारा: कुठला गेम? स्टंबल गाइज की फॉल गाइज? नेट कुठलं? काहीच लिहिलं नाहीत.

वेगवान: अहो, असल्या सगळ्याच गेममध्ये होतं, नावाने काय फरक पडतो? अँड्रॉइड आहे.

खटपट्या: ग्राफिक्स लो करा, बॅटरी सेव्हर बंद करा. माझं यानेच सुटलं.

रानवारा: ग्राफिक्सचा इथे संबंध नाही. फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) कमी पडल्या तर चित्र अडखळतं. यांना पलीकडे उतरलेलं नीट दिसतंय आणि मग मागे खेचलं जातंय, म्हणजे पिंग जास्त आहे, फोनवरून गेमच्या सर्व्हरला (कंपनीच्या कॉम्प्युटरला) जाऊन परत यायला लागणारा वेळ. उडी फोन लगेच दाखवतो, पण दांडा लागला की नाही ते सर्व्हर ठरवतो. पिंग 200 मिलिसेकंद असेल तर तुमची उडी तिथे साधारण 100 मिलिसेकंद उशिरा पोचते. तेवढ्यात दांडा आलेला असतो. पिंग किती दाखवतंय?

खटपट्या: फोन तापला की टचसुद्धा उशिरा लागतो. स्वतः अनुभवलंय.

मनीमाऊ: स्किन (कॅरेक्टरचा पोशाख) विकत घेऊन वेग वाढत नाही, फक्त रूप बदलतं. मुलं हट्ट करतात म्हणून सांगते.

झाडाखाली: त्यापेक्षा ह्यूमन फॉल फ्लॅट खेळा. 2016 चा आहे, पण दोन्ही हात वेगवेगळे चालतात, कठडा धरून स्वतःला वर ओढून घ्यायचं. कसली घाई नाही.

वेगवान: मला शर्यतच खेळायची आहे. पिंग 180 ते 240, सारखं वरखाली. वायफाय, राउटर पलीकडच्या खोलीत.

रानवारा: हे आधी सांगायचंत ना! राउटरच्या खोलीत बसा, वायफायच्या 5 गिगाहर्ट्झ बँडला जोडा, मागे चाललेली डाउनलोड थांबवा. आणि दांड्यापाशी उडीनंतर लगेच पुन्हा बटण दाबू नका. कॅरेक्टर पोटावर झेप घेतं, उठेपर्यंत दांडा परत येतो.

वेगवान: पिंग 50 वर आलं, दांड्याचं थांबलं! पण घोळक्यात कोणी अंगाला न लागताही ढकलला जातो.

रानवारा: ते थोडं राहणारच. बाकीचे तुमच्या स्क्रीनवर किंचित मागच्या क्षणाचे दिसतात, त्यांचं नेट रडत असेल तर आणखीच. सुरुवातीला गर्दी पुढे जाऊ द्या, मग कडेने पळा.

खटपट्या: अजिबात थांबू नका, क्वालिफाय होणार नाही. पहिल्या सेकंदापासून पुढे राहा, म्हणजे घोळका मागेच राहतो.