'पित्त झालं' म्हणजे नेमकं काय? आणि मेटाप्लेझियाला मराठीत काय म्हणावं?

आमचे बाबा किती वर्षांपासून 'पित्त झालं' म्हणून राहिले. रात्री दोन-अडीचला पोटात वरच्या बाजूला कळ येऊन उठायचे, दोन बिस्किटं अन् दूध घेतलं की थांबायची, आणि आम्ही सगळे तर्री-पोह्यावर खापर फोडायचो. शेवटी मागच्या महिन्यात एंडोस्कोपी केली तर ड्युओडेनममध्ये, म्हणजे जठराला लागून असलेल्या लहान आतड्याच्या पहिल्या भागात, अल्सर निघाला, एच. पायलोरी नावाचा जंतू पॉझिटिव्ह, अन् बायॉप्सीत लिहिलं 'गॅस्ट्रिक मेटाप्लेझिया'. आईनं तो शब्द ऐकला आणि रडायलाच लागली, तिला वाटलं कॅन्सरच. मराठीत याला काही सरळ शब्द आहे का, की घरी सांगता येईल?

उत्तर :
दादा, आधी पित्ताचंच बघू, कारण घोळ तिथूनच सुरू होते. अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, राग आला तरी पित्त खवळलं, पोटात जळजळलं तरी पित्त. आयुर्वेदातला पित्तदोष ही वेगळी कल्पना, ती बाजूला ठेवा. पण पित्ताशयातून येते ते पित्त यकृतात बनते, आणि जळजळवते ते जठरातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड. उलट ड्युओडेनममध्ये पित्त आणि स्वादुपिंडाचा रस येऊन त्या ॲसिडचा जोर कमीच करतात, म्हणून मला 'आम्लपित्त' हा शब्द नेहमी खटकते.

ड्युओडेनमला पुस्तकात 'आद्यांत्र' म्हणतात. 'ग्रहणी'ही म्हणतात, पण संग्रहणी नावाचा जुलाबाचा आजार असल्यानं लोकं गोंधळतात. मूळ लॅटिन शब्दात बारा आहे, बारा बोटं रुंदीइतकी लांबी म्हणून. आणि पायलोरी आला पायलोरस वरून, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ द्वारपाल, म्हणजे जठरातून आतड्यात जायच्या दारावरचा.

आता मेटाप्लेझिया. हा पायलोरी जंतू युरिएज नावाचं एन्झाइम वापरून युरियापासून अमोनिया बनवते, त्यानं भोवतालचं ॲसिड मारते अन् म्हणूनच जठरात जगते. दाराजवळच्या भागात सूज आली की ॲसिडला ब्रेक लावणारं सोमॅटोस्टॅटिन हे हार्मोन कमी होते, ॲसिड वाढवणारं गॅस्ट्रिन वाढते, ॲसिड जास्त सुटते आणि ते आद्यांत्रावर येऊन पडते. मग तिथलं अस्तर स्वतःला वाचवायला जठरासारख्या पेशींचं होते, हाच गॅस्ट्रिक मेटाप्लेझिया. पण या जंतूला चिकटायला जठराच्याच पेशी लागतात, त्यामुळे आता त्याला तिथंही घर मिळते, सूज येते अन् पुढं अल्सर. मूळ ग्रीक शब्दात घडण बदलण्याचा अर्थ आहे. आपल्याकडे हवापालट आहे, खांदेपालट आहे, तसा मी 'अस्तरपालट' म्हणीन. 'ऊतीरूपांतरण' बरोबर असंल, पण आईला समजणार नाही.

दुसरं उत्तर :
अस्तरपालट छान आहे, मी हाच वापरीन. फक्त जठराच्या अस्तरात आतड्यासारख्या पेशी आल्या तर त्यालाही मेटाप्लेझियाच म्हणतात, अन् त्यात पुढं जठराच्या कॅन्सरचा धोका वाढते. म्हणून नुसतं अस्तरपालट नको, कुठला अन् कशासारखा ते सांगायलाच पाहिजे. तुमच्या बाबांचा 'आद्यांत्राचा जठरासारखा अस्तरपालट'. मार्शल आणि वॉरन या डॉक्टरांनी १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थला हा जंतू वाढवून दाखवला, २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, तरी आपण अजून जेलुसिल पिऊन पित्त पित्तच करून राहिलो.

मूळ प्रश्नकर्ता :
खूप खूप धन्यवाद. काल आईला अस्तरपालट सांगितला, तिला लगेच समजलं, म्हणाली गादीचं अस्तर बदलतो तसं का. चौदा दिवसांचा कोर्स सुरू आहे, तो संपल्यावर महिनाभरानं जंतू गेला का ते तपासायचं आहे. बाबांना म्हटलं, आता पित्त झालं नका म्हणू, कुठं दुखते, किती वाजता दुखते अन् खाल्ल्यावर थांबते का, तेवढं सांगत जा.